दम्यासाठी श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम: स्प्रिंगवालं उपकरण कुणी घ्यावं, कोणतं घ्यावं आणि तीन बॉलवर भागतं का

मेडिकलमध्ये ‘श्वासाचा व्यायाम करायचं मशीन द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी समोर येतं ते तीन बॉलचं स्पायरोमीटर. तीन उभे कप्पे, तीन रंगांचे हलके बॉल, बाजूला एक लवचिक नळी. किंमत काही शे रुपये. दम्याचा रुग्ण ते घरी नेतो, महिनाभर मनापासून ओढतो, तिन्ही बॉल वर जायला लागतात, आणि तरी जिना चढताना धाप तेवढीच लागते. मग तो ठरवून टाकतो की या व्यायामात काही दम नाही. खरं तर त्याने तो व्यायाम अजून केलेलाच नसतो.

तीन बॉलच्या यंत्रावर 600, 900 आणि 1200 असे आकडे असतात. सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत खेचली ते त्यावरून कळतं. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर दुखण्यामुळे माणूस वरवर श्वास घेतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो आणि तिथे कफ साचतो. ते टाळण्यासाठी हे यंत्र देतात, आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण बॉल इतका हलका असतो की तो उचलायला स्नायूंना ओझं असं काही पडतच नाही. रिकामी बादली शंभर वेळा उचलून दंड कमावता येत नाही. उपकरण तिरकं धरलं तर बॉल आणखी सहज चढतो. काहीजण ते उलटं धरून फुंकतात, त्यात तर बाहेरच्या श्वासाचा व्यायाम होतो. दम्यात अडकलेल्या माणसाचे थकतात ते आत ओढणारे स्नायू.

हे थोडं उलटं वाटेल, कारण दम्यात त्रास श्वास सोडताना जाणवतो आणि घरघरही सोडतानाच ऐकू येते. होतं असं की अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो. थोडी थोडी हवा आत अडकत जाते आणि छाती फुगलेलीच राहते. फुगलेल्या छातीत श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचा, घुमट सपाट होतो, बरगड्यांमधले स्नायूही आधीच आखडलेले असतात. आखडलेला स्नायू पूर्ण जोर लावू शकत नाही. कोपर पूर्ण दुमडून ठेवून हाताने काही जड ओढायचा प्रयत्न करा, लगेच कळेल. अशा गैरसोयीच्या अवस्थेत त्याच स्नायूंना नेहमीपेक्षा जास्त काम करावं लागतं. ‘श्वास पुरत नाही’ या भावनेत या थकव्याचा वाटा मोठा असतो. ते स्नायू मजबूत केले तर तेच ओझं कमी जड वाटावं, हा या व्यायामामागचा विचार. नळ्यांची सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवणं हे स्टेरॉइडच्या इनहेलरचं काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहतं.

म्हणून उपकरण असं हवं की ठरलेला जोर लावल्याशिवाय त्यातून हवा आत येणारच नाही. स्प्रिंगच्या झडपेची उपकरणं तेच करतात. जोर मोजायचं माप आहे ‘सेंटिमीटर पाणी’. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी डोळ्यांसमोर आणा. तिचं एक टोक पाण्याच्या भांड्यात, नळी सरळ उभी, आणि वरच्या टोकातून हवा ओढली. पाणी शाळेतल्या पट्टीएवढं, म्हणजे 30 सेंटिमीटर वर चढलं तर तुम्ही 30 सेंटिमीटर पाण्याइतका जोर लावला. स्प्रिंग 30 वर लावली असेल तर 29 च्या जोराला झडप गप्प बसते आणि 30 ला उघडते.

आता पुराव्याबद्दल. खरेदीचा निर्णय त्यावरच घ्यायला हवा. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2013 मध्ये दम्यातल्या या व्यायामाचा आढावा घेतला तेव्हा त्यात बसणारे 5 अभ्यास मिळाले, सगळे मिळून 113 माणसं. श्वास ओढण्याची कमाल ताकद सरासरी 13 सेंटिमीटर पाण्याने वाढली. पण पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किंवा पीक फ्लो, म्हणजे जोरात सोडलेल्या श्वासाचा कमाल वेग, यांत ठोस फरक दिसला नाही, आणि दम्याचे झटके कमी होतात का हे सांगण्याएवढा पुरावा जमला नाही. कमाल ताकद 70 असणाऱ्या माणसाला 13 ची वाढ म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. ते थोडकं नाही. तरी ‘पंप सुटेल’ असं कुणी सांगून हे विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नये. संथ, नाकाने, पोटाने श्वास घेण्याची साधी शिकवणी, ज्यात उपकरण लागत नाही, तिचा रोजच्या जगण्याचा दर्जा सुधारण्याबाबतचा पुरावा यापेक्षा बरा आहे. ज्याला ती अजून कुणी शिकवलेली नाही त्याने आधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन तीच शिकावी. पैसे नंतर.

मग घ्यावं कुणी? दमा औषधांनी आटोक्यात आहे, पंप रोज आणि बरोबर पद्धतीने घेतला जातो, तरीही चढावर, जिन्यावर, भरभर चालताना धाप लागते. किंवा वर्षानुवर्षं हालचाल टाळल्याने अंगातली ताकदच गेली आहे. अशांना दीड-दोन महिन्यांत फरक जाणवण्याची शक्यता चांगली. ज्याला आठवड्यातून चार रात्री खोकल्याने जाग येते त्याने हे पैसे छातीच्या डॉक्टरकडे खर्च करावेत.

थ्रेशोल्ड आयएमटी (आयएमटी म्हणजे श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंचा व्यायाम) हे फिलिप्स रेस्पिरॉनिक्सच्या नावाने ओळखलं जाणारं उपकरण हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात सगळ्यात जास्त दिसतं. हाताच्या पंज्यात मावणारी पारदर्शक नळी, एका टोकाला तोंडात धरायचा भाग, दुसऱ्या टोकाला फिरवायची खुंटी, आत स्प्रिंग आणि झडप. खुंटी फिरवली की स्प्रिंग दाबली जाते आणि काटा नळीवर छापलेल्या आकड्यांवर सरकतो. याची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच: आकडे थेट सेंटिमीटर पाण्यात आहेत, 9 पासून 41 पर्यंत. डॉक्टरांनी ‘25 वर लावा’ म्हटलं तर 25 वर लावायचं, कोष्टक बघायला नको. नळी पारदर्शक असल्याने आत थुंकी साचली, बुरशी धरली, झडप तिरकी बसली, तर लगेच दिसतं. याची मर्यादा त्याच आकड्यांत आहे. व्यायाम साधारण कमाल ताकदीच्या निम्म्या ओझ्यावर करायचा असतो. कमाल ताकद 60-70 असणाऱ्या बाईला 41 पुरेसं आहे. ताकद 100 असलेल्या पुरुषाला 50 लागतात, आणि तिथवर हे उपकरण जातच नाही. तो पहिल्या काही आठवड्यांतच वरच्या टोकाला पोचतो आणि पुढे वाढवायला जागा नसते.

घेताना एक गोष्ट बारकाईने बघा. याच मालिकेत पीईपी नावाचं दुसरं उपकरण येतं, दिसायला याचा जुळा भाऊ. त्याचं माप 4 ते 20 असतं आणि ते श्वास सोडताना अडवतं. कफ काढण्यासाठी ते उपयोगी आहे, या व्यायामाला नाही. ऑनलाइन मागवताना फोटोवर विसंबू नका. खोक्यावर आयएमटी लिहिलंय का आणि नळीवर 41 चा आकडा आहे का, दोन्ही बघा.

पॉवरब्रीद हे ब्रिटनमधून आलेलं उपकरण अंगाने जाड, पकडायला सोपं, आणि स्प्रिंग दणकट. साध्या प्रकारात हलकं, मध्यम आणि जड असे तीन नमुने आहेत. दम्यासाठी हलका नमुनाच घ्यावा, कारण त्याचीही वरची मर्यादा 90 सेंटिमीटर पाण्याच्या घरात जाते. मध्यम आणि जड हे खेळाडूंचे. ‘जास्त जड म्हणजे जास्त फायदा’ या हिशेबाने जड नमुना घेतला तर ओझं पेलवत नाही आणि उपकरण कपाटात जातं. रुग्णांसाठी म्हणून मेडिक नावाचा वेगळा नमुनाही आहे. सोबत नाकाचा चिमटा येतो. याची अडचण म्हणजे ओझं पायऱ्यांत दाखवलेलं असतं, सेंटिमीटर पाण्यात नाही. डॉक्टरांशी बोलताना सोबतचं कोष्टक जवळ ठेवावं लागतं. इलेक्ट्रॉनिक के मालिका श्वास भरत जाईल तसं ओझं कमी करते, कारण फुफ्फुस भरत आलं की स्नायूचा जोर उतरत जातो. कल्पना शास्त्राला धरून आहे, पण किंमत बघता घरच्या दम्यासाठी आमच्या मते तिची गरज नाही.

थोडक्यात निवड अशी: कमाल ताकद 80 च्या आत असेल किंवा डॉक्टर आकड्याने सांगणार असतील तर थ्रेशोल्ड, ताकद बरी असेल आणि सहा महिने वाढवत न्यायची तयारी असेल तर पॉवरब्रीदचा हलका नमुना. ही ताकद साध्या पीएफटीत, म्हणजे फुफ्फुसांच्या नेहमीच्या फुंकायच्या तपासणीत, कळत नाही. तिची तपासणी वेगळी असते आणि ती सगळीकडे होत नाही, म्हणून आधी फोन करून विचारा.

भोकांच्या चकतीची स्वस्त उपकरणं बरीच मिळतात. चकती फिरवली की भोक लहान-मोठं होतं. त्यांचा दोष रचनेतच आहे. भोकातून हळू ओढलं तर अडथळा जाणवतच नाही, जोरात ओढलं तर खूप जाणवतो. थकलेला माणूस नकळत हळू ओढायला लागतो आणि व्यायाम तिथेच संपतो. स्प्रिंगच्या झडपेला अशी पळवाट नाही. आत-बाहेर दोन्हीकडे अडवणारी उपकरणंही दम्याच्या माणसाने सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. ज्याची हवा आधीच बाहेर पडत नाही त्याचा बाहेरचा रस्ता आणखी अडवून काय साधणार?

वापरायची पद्धत नीट समजून घ्या, कारण निम्मी उपकरणाची गुणवत्ता यातच आहे. पाठीला आधार न घेता ताठ बसा, पाय जमिनीवर. नाकाला चिमटा. उपकरण तोंडात, ओठ घट्ट. आधी श्वास जमेल तेवढा बाहेर सोडा, पण दाबून, कुंथून नको. मग एका झटक्यात, जोरात आणि भरभरून आत ओढा. झडप उघडल्याचा आवाज येतो आणि बरगड्या खालून बाजूला फाकल्यासारख्या वाटतात. छाती भरली की सोडताना मात्र सैल सोडून द्या, हवा आपली आपण जाऊ दे. पुढचा श्वास घ्यायची खरी गरज वाटेपर्यंत थांबा. असे 30 श्वास सकाळी, 30 संध्याकाळी. एका खेपेला चार-पाच मिनिटं लागतात. दोन मिनिटांत आटोपत असेल तर तुम्ही घाई करताय.

कपालभाती करणाऱ्यांना इथे सवय मोडावी लागते. कपालभातीत बाहेरचा श्वास झटक्याने आणि आतला आपोआप. इथे नेमकं उलट. जुन्या सवयीने श्वास जोरात बाहेर फेकला तर दोन गोष्टी होतात: जोराने सोडल्यामुळे नळ्या आवळून घरघर सुरू होऊ शकते, आणि भराभर श्वासांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरून गरगरतं, ओठांना, बोटांना मुंग्या येतात. गरगरलं तर उपकरण काढा, नाकाने संथ श्वास घ्या, मग पुढे चला. कारण जवळजवळ नेहमी घाई हेच असतं.

ओझं ठरवायला तपासणीचा आकडा असेल तर त्याच्या 30 टक्क्यांवर सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांत 50 टक्क्यांपर्यंत या. आकडा नसेल तर सगळ्यात सैल जागेवर 30 श्वास घ्या. सहज झाले तर दुसऱ्या दिवशी पाव फेरा घट्ट करा. पंचविसाव्या श्वासापासून नेट लावावा लागतो आणि तिसावा कसाबसा होतो, ती तुमची जागा. आठवड्याने तिथेही सहज व्हायला लागलं की पुन्हा पाव फेरा. ओझं जास्त झालं तर झडप स्वतः सांगते: एकदम उघडून खुली राहण्याऐवजी ती फडफडते आणि श्वास तुटक तुटक येतो. तेव्हा पाव फेरा मागे.

आरशासमोर बसून एकदा तरी करून बघा. गाल आत खोल गेलेले दिसले तर तुम्ही छातीने ओढत नाही आहात, शहाळ्यातलं पाणी ओढावं तसं तोंडाने चोखताय. तोंडाच्या स्नायूंनीही बराच मोठा आकडा गाठता येतो, त्यामुळे झडप उघडते पण श्वासपटलाला काही कळत नाही. गालांवर बोटं ठेवून ओढलं की ही खोड जाते. दुसरी खूण खांद्यांची. प्रत्येक श्वासाला खांदे कानांकडे जात असतील तर मानेचे स्नायू काम करताहेत. ओझं कमी करून आधी पद्धत सुधारा. कवळी सैल असेल तर ओठांच्या कडेने हवा येते. चिमटा न लावता काहीजण नाकानेच अर्धा श्वास घेतात आणि त्यांना वाटतं, फार छान जमतंय.

नाक बंद करून दिवसाला साठ मोठे श्वास तोंडाने घ्यायचे, म्हणजे नाकाची चाळणी बाजूला ठेवून खोलीतली हवा थेट छातीत ओढायची. म्हणून उदबत्ती, धूप चालू असताना, केर काढल्यावर लगेच, फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराशेजारी हे करू नका. दिवाळीच्या रात्री फटाक्यांचा धूर असेल तर खेप चुकली तरी चालेल.

पंपाच्या बाबतीत एक गफलत हमखास होते. महिनाभर जोरात ओढायची सवय लागली की गॅसचा पंपही तसाच ओढला जातो, आणि औषध घशावर आपटून तिथेच राहतं. गॅसचा पंप संथ आणि खोल ओढायचा, स्पेसर असेल तर उत्तम. कॅप्सूल फोडून घ्यायच्या पावडरच्या इनहेलरला मात्र जोर लागतो. व्यायाम आणि पंप एकापाठोपाठ घेऊ नका, मध्ये वेळ ठेवा, म्हणजे हात-तोंड गोंधळणार नाही. रोजचं औषध या व्यायामासाठी एक पफसुद्धा कमी करायचं नाही. डोस कमी करायचा निर्णय डॉक्टरांचा.

सर्दी-पडसं, सायनस, कान दुखणं, ताप यांत बंद. दम्याचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पीक फ्लो मीटर असेल तर स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेलेल्या दिवशी उपकरणाला हात लावू नका. पूर्वी कधी फुफ्फुसाबाहेर हवा जमली असेल, कानाचा पडदा नुकताच फाटला असेल, तर हे उपकरण घेऊच नये. आणखी एक गट आहे ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: नळ्या खूप आवळल्या तरी ज्यांना धाप फारशी जाणवत नाही आणि ज्यांना वारंवार मोठे झटके येतात. अशा माणसांना धाप हीच धोक्याची घंटा असते, आणि ती आणखी मंद करणं परवडणारं नाही. पॉवरब्रीदच्या पुस्तिकेतही अशा रुग्णांनी ते वापरू नये असं म्हटलं आहे.

साफसफाईला आळस केला की उपकरण बिघडतं. थुंकी वाळून झडपेच्या कडेला चिकटली की झडप आधी चिकटते आणि मग एकदम सुटते. 20 वर लावलेलं ओझं 30 सारखं वाटतं. उलट कडेला कचरा अडकला तर झडप नीट बसत नाही आणि ओझं गायब होतं. ‘अचानक फार सोपं झालं’ असं वाटलं तर खूश होण्याआधी झडप बघा. वापरून झालं की वाहत्या पाण्याखाली धरा. आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं बुडवून ठेवा, खळखळून धुवा, झटका आणि तोंडाचा भाग खाली करून स्वच्छ फडक्यावर वाळत ठेवा. उकळायचं नाही, प्लास्टिक वाकतं आणि स्प्रिंगचं माप बिघडतं. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर धरतो, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आतला ओलावा लवकर जात नाही. पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत पिशवीत घालू नका. दम्याच्या माणसाने बुरशी लागलेल्या नळीतून जोरात श्वास ओढणं यासारखी वाईट गोष्ट नाही. एक उपकरण एकाच माणसाचं. घरात दोघांना दमा असेल तर दोन घ्या, आणि सील तुटलेलं किंवा वापरलेलं कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

सहा ते आठ आठवड्यांनी ताकद बऱ्यापैकी आली की रोजचं बंद करून आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला 30 श्वास एवढ्यावर ती टिकते. पूर्ण सोडलं तर काही महिन्यांत ती उतरते. फरक पडतोय का हे बघायला पीक फ्लोकडे पाहू नका, तो बहुतेक तिथेच राहील. रोजचा एकच जिना ठरवा, वर पोचल्यावर धाप 0 ते 10 मध्ये किती वाटते ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहा, आणि शेजारी त्या आठवड्यात आरामाचा पंप, म्हणजे त्रास झाल्यावर घ्यायचा तो, किती वेळा लागला ते. आठ आठवड्यांत दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत तर उपकरण आणि कॅलेंडर घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा आणि त्यांच्यासमोर दहा श्वास घेऊन दाखवा. चूक बहुतेक वेळा पहिल्या तीन श्वासांतच दिसते.